शेतवस्तीवर सोलर बॅटरीवर लॅपटॉप कसा चालवायचा? अडॅप्टरच्या लेबलपासून वायरच्या जाडीपर्यंत सगळी माहिती

वस्तीवरच्या घरात लॅपटॉप आला की आनंद चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी चार्जिंगचा प्रश्न उभा राहतो. गावठाणात लाइट जाते आणि येते. पण घर मळ्यात असेल आणि वीज शेतीच्या लाइनवरून असेल तर पुरवठा पाळीचा, कधी दिवसा तर कधी रात्री. इकडे भरतीच्या अर्जाची मुदत रात्री बाराला संपते आणि साइट जरा मोकळी मिळते ती दहानंतर. लॅपटॉप १२ टक्क्यांवर आणि घरात अंधार, ही वेळ ज्याच्यावर आली त्याला पुढचं सगळं समजावून सांगायची गरज नाही.

सोलर पॅनल आणि एका बॅटरीवर लॅपटॉप आरामात चालतो. फार मोठा सेट लागत नाही. मात्र दुकानदार सांगेल ते उचलून आणलं की हमखास फसतं, कारण त्याला पंखा, टीव्ही, मिक्सर धरून मोठा सेट विकायचा असतो. म्हणून हिशेब आपणच करायचा. आकडे थोडे आहेत, पण सातवीच्या गणितापेक्षा अवघड काही नाही.

आधी अडॅप्टर उलटा करून बघा

लॅपटॉपच्या चार्जरवरच्या ठोकळ्याला अडॅप्टर म्हणतात. त्याच्या मागे बारीक अक्षरात 'इनपुट' आणि 'आउटपुट' लिहिलेलं असतं. आपल्याला आउटपुट हवंय. तिथे १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर असं काहीतरी असेल. दोन्हींचा गुणाकार केला की ६५ वॅट येतात. साध्या अभ्यासाच्या, ऑफिस कामाच्या लॅपटॉपचा अडॅप्टर ४५ किंवा ६५ वॅटचा असतो. गेम खेळायच्या लॅपटॉपचा १५० ते २३० वॅटपर्यंत जातो. तो सोलरवर चालवायचा विचार असेल तर आधी खिसा तपासा.

६५ वॅट हा वरचा आकडा झाला. लॅपटॉपची बॅटरी रिकामी असताना चार्ज होत असेल आणि वर कामही चालू असेल तेव्हा तेवढं लागतं. बॅटरी भरली की फॉर्म भरणे, टायपिंग, व्हिडिओ पाहणे एवढ्या कामाला १५ ते ३० वॅट पुरतात. आपण ३० धरू, म्हणजे हिशेब कमी पडणार नाही.

रोज पाच तास वापर धरला तर ३० गुणिले ५, म्हणजे १५० वॅट-तास. लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. तेव्हा लॅपटॉप दिवसाला एक षष्ठांश युनिटसुद्धा खात नाही. त्या मानाने छताचा जुना पंखा फार खादाड. साधारण ७० वॅटचा पंखा पाच तासांत ३५० वॅट-तास घेतो.

इन्व्हर्टर लावायचा की थेट बॅटरीवरून चार्ज करायचं?

खरा फरक इथे पडतो आणि याच ठिकाणी बहुतेकांचे पैसे आणि बॅटरी दोन्ही वाया जातात.

घरातला इन्व्हर्टर काय करतो? बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज २३० व्होल्ट एसी करतो. मग लॅपटॉपचा अडॅप्टर ती २३० व्होल्ट एसी परत १९ व्होल्ट डीसी करतो. म्हणजे विहिरीचं पाणी आधी डोंगरावर चढवायचं आणि मग पाइपाने खालच्या वाफ्याला सोडायचं. दोन्ही वेळा गळती होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इन्व्हर्टरला स्वतःला चालू राहायला वीज लागते. घरगुती ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर काही न लावता नुसता चालू ठेवला तरी १० ते २० वॅट खातो. १५ धरा. चोवीस तास चालू राहिला तर १५ गुणिले २४, म्हणजे ३६० वॅट-तास! लॅपटॉपला १५० आणि त्याला वीज पोचवणाऱ्याला ३६०. हमालच माल खाऊन टाकतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी ट्रॅक्टरची उतरलेली बॅटरी, एक जुना इन्व्हर्टर आणि १०० वॅटचा पॅनल असा जुगाड होता. दिवसभर ऊन असूनही रात्री नऊच्या आत बॅटरी बसायची. पॅनल खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण झालं. पॅनल चांगला होता. इन्व्हर्टरचा खटका कोणी बंदच करत नव्हतं, आणि बॅटरी मुळात या कामाची नव्हती. पुतणीचा फॉर्म त्या रात्री शेजारच्या वस्तीवर जाऊन भरावा लागला, मोटारसायकलच्या उजेडात बांधावरून चालत.

दुसरा रस्ता थेट डीसीचा. गाडीत लॅपटॉप चार्ज करायचा चार्जर मिळतो, त्याला कार लॅपटॉप चार्जर म्हणतात. तो १२ व्होल्ट घेतो आणि १९ किंवा २० व्होल्ट करून देतो. यात साधारण दहा टक्के वीज वाया जाते, बाकी लॅपटॉपला पोचते. १५० वॅट-तासांच्या कामाला बॅटरीतून १६५ ते १७० जातील. इन्व्हर्टरच्या रस्त्याने, पाच तास संपताच तो आठवणीने बंद केला तरी, २४० च्या वर जातात.

नवीन लॅपटॉप टाइप-सी पिनने चार्ज होत असेल तर काम आणखी सोपं. गाडीसाठीचा ६५ वॅटचा, 'पीडी' लिहिलेला टाइप-सी चार्जर घ्या. हा चार्जर आणि लॅपटॉप आपसात 'बोलून' किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतात, त्यामुळे चुकीचे व्होल्ट जायची भीती नाही. दोन गोष्टी बघा. मोबाइलचा १८ किंवा २० वॅटचा कार चार्जर चालणार नाही. लॅपटॉप 'स्लो चार्जिंग' दाखवेल किंवा घेणारच नाही. आणि केबलही तेवढ्या ताकदीची हवी. मोबाइलबरोबर आलेली कोणतीही केबल लावून चालत नाही, ६० किंवा १०० वॅटची म्हणून मागून घ्या.

गोल पिनचा लॅपटॉप असेल तर आउटपुटचे व्होल्ट जुळले पाहिजेत. १९ चा लॅपटॉप १९.५ वर चालतो, पण १२ वर किंवा २४ वर नाही. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यावरून लॅपटॉप अडॅप्टर ओळखतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी चार्ज होत नाही, वर 'अडॅप्टर ओळखता आला नाही' असा संदेश येतो. त्यासाठी आपल्या मॉडेलचंच नाव सांगून चार्जर घ्या, आणि दुकानात लॅपटॉप सोबत नेऊन गाडीच्या सॉकेटला लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

घरात इन्व्हर्टर आधीच आहे आणि वेगळं काही घ्यायचं नाही? मग चालवा त्याच्यावर, हरकत नाही. फक्त लॅपटॉप चार्ज झाला की इन्व्हर्टर बंद. नवीन घेत असाल तर 'प्युअर साइन वेव्ह' लिहिलेला घ्या. जुन्या स्क्वेअर वेव्हवर लॅपटॉपचा अडॅप्टर सहसा चालतो, पण तापतो, कधी गुणगुणतो.

बॅटरी कोणती आणि केवढी?

रोजचा हिशेब मांडू. लॅपटॉप थेट डीसीवर १७० वॅट-तास, ९ वॅटचा एक एलईडी दिवा चार तास ३६, दोन मोबाइल मिळून ३०. एकूण २३६.

१२ व्होल्ट ६० एएचच्या बॅटरीत १२ गुणिले ६०, म्हणजे ७२० वॅट-तास मावतात. पण पाण्याची म्हणजे लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. रोज निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. तर आपल्या हातात ३६० आले. आपल्या २३६ च्या गरजेला ते पुरतात आणि ढगाळ दिवसासाठी थोडं शिल्लकही राहतं. म्हणजे एका लॅपटॉपला १५० एएचची भली मोठी बॅटरी लागतेच असं नाही. ती घरात आधीपासून असेल तर उत्तमच, तिच्यातले निम्मे धरून ९०० वॅट-तास मिळतात.

बॅटरी घेताना 'ट्यूब्युलर' किंवा सोलरसाठीची म्हणून मागा. गाडीची, ट्रॅक्टरची बॅटरी वेगळ्या कामासाठी बनलेली असते. स्टार्टर मारताना क्षणभर भरपूर करंट द्यायचा आणि लगेच परत भरून घ्यायचं, हे तिचं काम. रोज रात्री हळूहळू उतरवली तर काही महिन्यांत बसते. आणि ट्रॅक्टरची चालू बॅटरी काढून लॅपटॉपला लावायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर सकाळी नांगरटीच्या वेळी घरात काय ऐकावं लागेल तेही डोक्यात ठेवा.

लिथियम फॉस्फेट बॅटरी आता तालुक्याच्या गावीही मिळू लागली आहे. वजनाला हलकी, पाणी घालायला नको, आणि ८० ते ९० टक्के वापरता येते. १२.८ व्होल्ट ३० एएचच्या लिथियममध्ये ३८४ वॅट-तास मावतात, त्यातले ३०० च्या वर हाताशी येतात. सुरुवातीला महाग पडते, पण रोजच्या वापरात जास्त वर्षं टिकते. घेणार असाल तर आत बीएमएस आहे का ते विचारा, आणि चार्ज कंट्रोलरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते बघा. लेड-अॅसिडच्या सेटिंगवर लिथियम चार्ज करू नका.

बॅटरी किती उतरली हे कळायला मल्टिमीटर घ्या. साधा डिजिटल मीटर फार महाग नसतो आणि घरात दहा कामांना येतो. चार्जिंग आणि वापर दोन्ही बंद करून तासाभराने मोजा. पाण्याची बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ ला निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की थांबा. दुपारी उन्हात कंट्रोलरवर १४ व्होल्ट दिसतात म्हणून बॅटरी फुल्ल झाली असं समजू नका, तो चार्जिंगचा आकडा असतो. लिथियमला हे मोजमाप लागू होत नाही, तिचे व्होल्ट जवळपास शेवटपर्यंत एकसारखे राहतात.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं, फिल्टरचं, पावसाचं काहीही नाही. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेतो. म्हणून बॅटरी पलंगाखाली, बंद कपाटात, चुलीजवळ किंवा देवघराशेजारी ठेवायची नाही. पडवीत, हवेशीर जागी, लेकरांचा हात पोचणार नाही अशी ठेवा.

पॅनल आणि चार्ज कंट्रोलर

२३६ वॅट-तास वापरले तर बॅटरीत परत भरताना थोडे जास्त टाकावे लागतात, साधारण ३००. आपल्याकडे स्वच्छ दिवसाला साडेचार-पाच तासांचं भरघोस ऊन धरतात. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ऊन असलं तरी पॅनलच्या हिशेबात ते एवढंच.

१०० वॅटचा पॅनल खरंच १०० वॅट देतो का? साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर नाही. १२ व्होल्ट म्हणून विकला जाणारा पॅनल साधारण १८ व्होल्टवर साडेपाच अँपिअर देतो. पीडब्ल्यूएम कंट्रोलर अँपिअर तेवढेच ठेवतो, पण व्होल्ट बॅटरीच्या पातळीला, म्हणजे १३ च्या आसपास येतात. १३ गुणिले साडेपाच म्हणजे ७० ला थोडं वर. दिवसाला ३२० ते ३५०. उन्हाळ्यात एवढ्यात भागेल, पण श्रावणात रडारड. म्हणून ६० एएचला १५०-१६० वॅटचा पॅनल आणि २० अँपिअरचा कंट्रोलर ही जोडी ठीक. एमपीपीटी कंट्रोलर महाग असतो पण पॅनलची बरीचशी पूर्ण ताकद वापरतो. पॅनल ३०० वॅटच्या वरचा, म्हणजे छतावर लावतात तसला ४० व्होल्टचा असेल तर एमपीपीटीच लागेल. तो पीडब्ल्यूएमवर लावला तर निम्म्याहून जास्त वीज फुकट जाईल, आणि कंट्रोलर तेवढे व्होल्ट सोसणारा नसेल तर तोच जळेल.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण २० अंश. झाडाची सावली, डिशची सावली, वाळत घातलेल्या गोधडीचा एक कोपरासुद्धा पॅनलवर पडू देऊ नका. कोपरा झाकला तरी पूर्ण पॅनलची वीज घसरते. ऊसतोड किंवा मळणीच्या दिवसांत धूळ आठवड्याला पुसा, पण भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

जोडताना क्रम पाळा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. उलट केलं तर कंट्रोलर जायची शक्यता असते. आणि पॅनलची वायर सरळ लॅपटॉपला कधीच नाही. मोकळ्या पॅनलवर २१-२२ व्होल्ट असतात, ढग आला की कोसळतात, ऊन आलं की उसळतात.

बिल पक्कं घ्या. सोलर पॅनलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराने लावला असेल तर विचारा.

वायर आणि फ्यूज, इथे कंजुषी नको

२३० व्होल्टला ६५ वॅट म्हणजे पाव-अर्धा अँपिअर. पण १२ व्होल्टला तेच ६५ वॅट सहा अँपिअर होतात. बारीक वायरीत एवढा करंट गेला की व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी पडवीत आणि टेबल पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या जवळपास गळती होते, मग बॅटरी अर्धी भरलेली असूनही चार्जर 'लो व्होल्टेज' म्हणून बंद पडतो. २.५ ची वायर घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या आत. चार्जर खराब म्हणून परत करायला जाण्याआधी वायर बघा.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज लावाच. मोटारसायकलच्या दुकानात होल्डरसह मिळतो. उंदराने वायर कुरतडली आणि प्लस-मायनस एक झाले तर १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा वायर लाल करून छपराला आग लावू शकते. शॉक लागत नाही म्हणून लोक १२ व्होल्टला खेळणं समजतात.

घरात दोन बॅटऱ्या ओळीत जोडून २४ व्होल्टचा सेट असेल तर कार चार्जरवर '१२-२४ व्होल्ट' लिहिलेलं आहे का पाहा. नुसतं १२ लिहिलं असेल तर लावू नका. दोनपैकी एकाच बॅटरीवरूनही घेऊ नका, एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि शेवटी दोन्ही खराब होतात.

सोलर पंपाच्या पॅनलवरून लाइन घेता येईल का?

हा प्रश्न फार विचारला जातो, कारण मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून शेतात पॅनल उभे राहिले आहेत आणि पंप काही रोज दिवसभर चालत नाही. उत्तर आहे, नाही. पंपाचे पॅनल ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे वायरीत व्होल्ट काही शेकड्यांत असतात आणि तेही डीसी. हा करंट माणसाला सोडत नाही, आणि कनेक्टर उन्हात ओढून काढला तर ठिणगी विझत नाही, जळत राहते. शिवाय सेटशी छेडछाड केली की दुरुस्तीच्या हमीवरून वाद उभा राहणार तो वेगळाच. लॅपटॉपसाठी वेगळा छोटा पॅनल लावा.

गावठाणातल्या घरांसाठीही एक गैरसमज काढून टाकू. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर बसवलेला बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तो बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते. ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, बिल कमी येतं, सगळं खरं. पण लाइट गेल्यावर लॅपटॉप चालायला बॅटरी लागतेच.

पावसाळ्याचं गणित

जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की पॅनल निम्म्याहून कमी देतो. तेव्हा वापराची वेळ बदलायची. उजेड असतो तेव्हा, अकरा ते तीनच्या दरम्यान लॅपटॉप चार्जिंगला लावा. लॅपटॉपच्या पोटातच ४० ते ६० वॅट-तासांची बॅटरी असते, ती दिवसा भरली की रात्री दोन-तीन तास निघतात आणि मोठ्या बॅटरीवर भार येत नाही. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, बॅटरी सेव्हर चालू करा, मोबाइलचं हॉटस्पॉट काम झालं की बंद करा. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली तशीच चार-आठ दिवस पडू देऊ नका. पाळीची लाइट येईल त्या रात्री इन्व्हर्टरवरून किंवा चार्जरने भरून घ्या.

विजा कडाडायला लागल्या की लॅपटॉपची पिन काढा आणि पॅनलची वायर कंट्रोलरपासून सोडवा. पॅनलच्या लोखंडी स्टँडला अर्थिंग केलेलं असावं. आणि फॉर्मची शेवटची तारीख माहीत असेल तर आदल्या दिवशीच्या उन्हातच लॅपटॉप भरून ठेवा, कागदपत्रं स्कॅन करून त्यात टाकून ठेवा, म्हणजे रात्री नुसतं अपलोडचंच काम राहील.